एकशे एकावा स्वेटर

“फौजेच्या कामाले काहून म्हनाचं नाही.”

मी मेंदी रंगाची लोकर बोलतेय, आणि फौजेला ‘का’ विचारायचं नाही हे वाक्य या घरात माझ्याइतक्या वेळा कोणीच ऐकलेलं नाही. एरवीचं रागावणं वेगळं असायचं. पण हे वाक्य म्हणून घरातल्या थोरल्या बाई, सिंधूताई, पदर खोचून उठायच्या आणि विषय तिथंच संपायचा. मी सोळा-सतरा वर्षं ऐकून घेतलं. लोकरीला दुसरं करता तरी काय येतं? आज मात्र मला राहवत नाही. आज मी कोराडीच्या कॉलनीतल्या एका टेबलावर पडले आहे, माझ्यावर दोन कागद आहेत, आणि खोलीत इतकी माणसं असून कोणी एक शब्द बोलत नाही. म्हणून मीच बोलते.

माझी पहिली आठवण नागपूरच्या सदर भागातल्या एका दुकानातली आहे. १९६५ साल. लढाई नुकतीच थांबली होती आणि ज्या त्या बाईला जवानांसाठी विणायचं होतं. बायका यायच्या, ‘जवानांसाठी द्या’ म्हणायच्या आणि हाताला लागेल ती लडी उचलून न्यायच्या. जवान कुठं आहे, तिथं हवा कशी आहे, कोणी विचारायचं नाही. कामठीच्या एका जवानाची बायको, प्रेमिला, तेवढी वेगळी निघाली.

“माझ्या घरच्यासाठी पायजे,” ती म्हणाली. “गाझाले जाऊन राहिले.”

“गाझा कुठं आलं, बाई?” दुकानदारानं विचारलं.

“मले काय माहीत जी? वाळूत आहे म्हनते.”

“वाळूत अन् स्वेटर?”

“इचारलं नं मी, त्यांच्या पलटनीतल्या एकाले. दिवसा भाजते अन् रात्री दात वाजते म्हने. आठ लड्या द्या.”

ती विचारून आली होती, ही गोष्ट मी लक्षात ठेवली आहे. पुढं माझ्या नशिबी आलेल्या माणसांमध्ये ही सवय फारशी आढळली नाही.

कामठीच्या खोलीत प्रेमिला मला विणायची. दोन सुलट, दोन उलट. तिला दिवस गेले होते, पाचवा महिना होता. माझा गुंडा पोटावर ठेवायची सवय होती तिला, आणि आतून लाथ बसली की मी घरंगळून खाटेखाली जायचे. उत्तराची आणि माझी ओळख ही अशी. त्या पोरीनं जन्माला यायच्या आधीच मला लाथा मारल्या. शेजारी तिचा चार वर्षांचा बळीराम बसून माझं टोक ओढायचा. नोव्हेंबरात भैय्याजी, म्हणजे प्रेमिलाचे यजमान, मला ट्रंकेत घालून मुंबईला गेले आणि तिथून बोटीनं पार समुद्रापलीकडे.

गाझात वाळूत एक चर खणलेला होता. त्याच्या एका अंगाला एक देश, दुसऱ्या अंगाला दुसरा, आणि मध्ये डोक्यावर संयुक्त राष्ट्रांची निळी टोपी घालून नागपूरकडचा माणूस. कोणी चर ओलांडत तर नाही ना, हे त्यानं पाहायचं. ओलांडलं तर वर कळवायचं. एवढंच. भांडण कशाचं, ते त्यालाही कोणी नीट सांगितलं नव्हतं. पहाटे मात्र खरोखर दात वाजायचे आणि मी खरोखर कामाची होते. भैय्याजी अजून सांगतात, “त्या वाळूत मले या लोकरीनं वाचवलं.” ते खरं आहे. त्यांचं सगळंच खोटं नाही, म्हणून तर जास्त चीड येते.

फेब्रुवारीत सिंधूताईंचं पत्र आलं. सिंधूताई भैय्याजींची धाकटी विधवा बहीण, प्रेमिलाच्या सोबतीला येऊन राहिली होती. ‘वहिनीचे पाय लय सुजले. डोकं दुखते म्हनते. डॉक्टरीनबाई म्हनते जपा. भाऊ, जमलं तर येऊन जा.’

भैय्याजी एका रिकाम्या खोक्यावर बसले आणि त्यांनी सुटीचा अर्ज लिहिला. तीन कागद फाडले, चौथा ठेवला. खाली सही केली, तारीख घातली, चौघडी केली आणि सदरा आणि मी यांच्या मधल्या जागेत सरकवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते साहेबाच्या तंबूपाशी गेले, बाहेर उभे राहिले आणि परत आले. तिसऱ्या दिवशीही तसंच. मी छातीशी होते, त्यांचं काळीज कसं धडधडायचं ते मला माहीत आहे.

“दे नं गा,” सोबतचा शिपाई म्हणाला. “लय तं लय नाही म्हनतीन.”

“सगळ्यांच्याच बायका आहेत घरी,” भैय्याजी म्हणाले. “मीच काय म्हनून रडू?”

असे नऊ दिवस गेले. कागद घामानं पिवळा पडला. दहाव्या दिवशी, ऐन जेवणाच्या वेळी, तार आली. मुलगी झाली, बाळंतिणीला झटके आले, ती गेली. भैय्याजींनी ताट बाजूला सरकवलं आणि माझ्या डाव्या बाहीनं नाक पुसलं. नंतर तो अर्ज ट्रंकेच्या तळाशी, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली ठेवून दिला. फाडला असता तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. आज वाटत नाही.

ते घरी आले तेव्हा उत्तरा आठ महिन्यांची होती. दारातच सिंधूताई रडत म्हणाल्या, “भाऊ, तुले सोडलंच नाही नं त्यायनं!” भैय्याजी म्हणाले, “सुटी नाही भेटली.”

नाही भेटली, हे खरंच आहे. मागितली होती का, हे कोणी विचारलं नाही.

त्या एका उत्तरावर या घरानं आपला सगळा अभिमान बांधला. देशानं माणूस मागितला, आम्ही दिला, तोंडातून ब्र काढला नाही. उत्तरा पाच-सहा वर्षांची असताना एकदा म्हणाली, “आत्या, आई मरून राहिली होती तं बाबा काहून नाही आले?” सिंधूताईंनी ते वाक्य पहिल्यांदा तेव्हा उच्चारलं. मी खुंटीला टांगलेली होते. भैय्याजी दाढी करत होते. आरशात त्यांचा हात थांबला, आणि परत चालू झाला. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण मला तोंड कुठं होतं? होत्या त्या दोन बाह्या.

पेन्शनीनंतर भैय्याजी कोराडीच्या वीज केंद्रावर पहारेकरी लागले आणि आम्ही सगळे कॉलनीत आलो. दोरीवर वाळत घातलं की संध्याकाळी झटकल्याशिवाय घडी घालता येत नाही, इतकी राख. माझी कोपरं विरली. उत्तरा कॉलेजात गेली तेव्हा सिंधूताईंनी मला उसवलं, उकळत्या पाण्याच्या वाफेवर धरून सरळ केलं, करड्या लोकरीचा एक पट्टा जोडला आणि उत्तरासाठी विणलं.

त्या पोरीच्या अंगावर मी चार हिवाळे काढले. कोराडीच्या बसमध्ये कोळशाच्या ट्रकांच्या मागं मागं नागपूरला जायचं, दिवसभर अर्थशास्त्राच्या वर्गात बसायचं, आणि येताना खिडकीशी वाद घातल्यासारखं पुटपुटत यायचं. आईनं विणलेली म्हणून ती मला जपायची. थंडी संपली तरी घडी करून उशाशी ठेवायची. आईची वस्तू म्हणून घरात दुसरं काही नव्हतं.

गेल्या वर्षी, म्हणजे १९८७ च्या पावसाळ्यानंतर, बळीरामची पलटण शांतिसेनेत श्रीलंकेला, जाफन्याला गेली. वर्षापूर्वीच त्याचं लग्न झालं होतं. निघताना त्याची बायको गोपिका चार महिन्यांची गरोदर होती.

“बाबा,” उत्तरा चहा पिताना म्हणाली, “रोजचा किती खर्च होऊन राहिला ते पेपरात आलं आहे.”

“होईनच. फौज पोसनं सोपं आहे काय?”

“दुसऱ्याच्या बेटावर जाऊन उभं राहायचं, कोनासाठी ते त्यायलेच माहीत नाही. बरं, खर्च तं खर्च. पन त्या आकड्यात माझी आई धरली आहे काय? तुम्ही गाझात होते त्याचा खर्च मांडला असन नं कोनी तवा? त्यात होती काय ती?”

भैय्याजींनी रेडिओचा आवाज मोठा केला. सिंधूताईंनी ते वाक्य म्हटलं. झालं.

सिंधूताई कॉलनीतल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. लढाई झाली की बायकांनी स्वेटर विणायचे, ही इकडची रीत. एकाहत्तरला विणले तेव्हा बर्फात उभ्या असलेल्या पोरांना ते उपयोगी पडलेही असतील. यंदाही ठराव झाला की आपल्या जवानांना एकशे एक लोकरी स्वेटर पाठवायचे.

श्रीलंकेला. माझ्यासारखी लोकरसुद्धा चक्रावली. वीस-पंचवीस बायका, त्यातल्या चार शिक्षिका, सगळ्यांनी मोठ्या मायेनं हात वर केले आणि एकीनंही नकाशा काढून पाहिला नाही. जवान म्हटला की बर्फ, आणि बर्फ म्हटला की स्वेटर!

शंभर झाले, आणि लोकर संपली. राहिलेला एकशे एकावा बळीरामचा, आणि तो मंडळाच्या अध्यक्षांच्या हातचाच हवा. मग सिंधूताईंनी उत्तराची उशी उचलली.

ती कॉलेजातून आली तेव्हा माझे तीन गुंडे झालेले होते. ती दारातच उभी राहिली.

“आत्या, हा माझा स्वेटर होता.”

“तुह्या भावासाठीच विनून राहिली नं, वं? परक्यासाठी काय?”

“तिथं लोक बनेन काढून फिरत असतीन, आत्या! दादाच्या अंगावर घामोळं फुटलं असन!”

“जवानाच्या कामाले निघालेल्या लोकरीले...”

“काहून म्हनाचं नाही. पाठ आहे मले.”

सिंधूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांचं प्रेम खोटं नाही. पण प्रेमानंच मला असं परत परत उसवलं आहे, हेही खरं आहे. त्या रडत रडत विणत राहिल्या. दोन सुलट, दोन उलट.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात काटोलचा कवडू आला. बळीरामच्याच पलटणीतला. दंडाला गोळी चाटून गेली म्हणून त्याला घरी पाठवलं होतं. त्यानं बळीरामची चिठ्ठी आणली, टपालातून न गेलेली, म्हणून मोकळेपणी लिहिलेली. उत्तरानं ती सगळ्यांसमोर वाचली.

‘उत्तरा, इथं कोराडीच्या बॉयलरपुढं उभं केल्यासारखं वाटते. बुटातलं पानी दिवसभर सुकत नाही, पायाची बोटं सडून राहिली. मलमाची डबी पाठव, आनखी काही नको. ज्यायच्यासाठी आलो ते आमाले पाहून दार लावून घेतात. गोपिकाचे पाय सुजले म्हनून तिनं लिहिलं. मले आईचं आठवते. मी चार वर्षाचा होतो पन तिचे पाय आठवते. मी सुटी मागितली. साहेब चांगला आहे, म्हनते घरून पक्की तार आली तं लगेच सोडतो. बाबाले सांग.’

सुटीसाठी काय लागतं, तर एक तार. मला वाटलं, चला, या वेळी तरी सोपं आहे.

उत्तरा गोपिकाला दवाखान्यात घेऊन गेली. ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठीवर तसं लिहून दिलं आणि वेळेला रक्त द्यावं लागेल, नवऱ्याला बोलवा, असं बजावलं. तिथून ती सैनिक बोर्डाच्या ऑफिसात गेली. कारकून भला होता. “वडील माजी सैनिक आहेत नं? अर्जावर त्यांची सही आणा, डिस्चार्ज बुकाचा नंबर टाका. ज्या दिवशी आणाल त्याच दिवशी तार जाईल.”

भैय्याजींनी सही केली नाही.

“फौजेत असं बायकांच्या पायापायी बोलावत नाही,” ते म्हणाले. “पोराची बदनामी होईन.”

“पोरानंच बोलावलं आहे नं, बाबा!”

“तो लहान आहे अजून.”

“पंचवीस-सव्वीसचा माणूस बंदूक घ्याले मोठा अन् सुटी घ्याले लहान?”

भैय्याजी ड्युटीवर निघून गेले. आठ दिवस हेच चाललं. ती अर्ज समोर ठेवायची, ते चष्मा शोधायचे. गोपिकाच्या पायांत चप्पल मावेनाशी झाली. मी तोवर विणून तयार होते, नाकाशी आलेल्या डांबराच्या गोळ्यांच्या वासात गुदमरत होते, आणि आणखी एकदा नऊ दिवस मोजत होते.

काल उत्तरानं डिस्चार्ज बुक शोधण्यासाठी वडिलांची ट्रंक उपसली. बुक वरच सापडलं. पण ती पोरगी एखादी गोष्ट अर्ध्यावर सोडणारी नाही. तळाचं वर्तमानपत्रही तिनं उचललं.

आज पंचवीस जानेवारी. उद्या झेंडावंदनानंतर स्वेटर पाठवण्याचा समारंभ आहे. भैय्याजी प्रमुख पाहुणे. दुपारी मंडळाच्या खोलीत बायका जमल्या, शंभर स्वेटर खोक्यांत गेले आणि मला तिरंगी फीत बांधून टेबलावर ठेवलं. गोपिका भिंतीशी बसली होती, पाय विटेवर टेकवून. आनंदराव, कॉलनीतले निवृत्त मास्तर, खिशातून कागद काढत उत्तराला म्हणाले, “हे बळीरामचं पत्र. उद्या तूच वाचजो. बहिणीनं वाचलं का परिणाम होते. आता एकदा वाचून दाखव.”

“दादाचं पत्र तुमच्याजवळ कसं आलं, काका?”

“मीच तयार केलं, बाई. त्याच्या भावना, भाषा माझी.”

उत्तरानं वाचायला सुरुवात केली. “‘कोराडीच्या माझ्या माता-भगिनींनो, येथील कडाक्याच्या थंडीत आपण विणलेल्या मायेच्या उबेमुळे...’ कडाक्याची थंडी? जाफन्याले?”

“अवं, ते लिहायची पद्धत असते. जवान म्हटलं का थंडी आलीच.”

“घामोळं म्हटलं तं टाळ्या नाही पडत, असं नं?”

दोन-तीन बायका हसल्या. सिंधूताई हसल्या नाहीत. “उत्तरा, मोठ्या मानसानं लिहिलं आहे. निमूट वाच.”

“वाचतो नं. दादानं खरंच लिहिलं ते वाचतो. त्याची बोटं सडून राहिली ते.”

“ते घरचं आहे. घरचं घरी.”

“मग हे कोनाचं आहे, आत्या?”

भैय्याजींनी आतापर्यंत मान वर केली नव्हती. आता ते शांतपणे म्हणाले, “वाच बाई. एवढं काय त्यात? माझ्या टाइमाले मी पन सुटी मागितली होती. नाही भेटली. मी कोनाले बोललो काय काही?”

बावीस वर्षांत त्यांनी ‘मागितली होती’ असं पहिल्यांदा म्हटलं. मी टेबलावर होते, फितीत बांधलेली. माझ्यात हाड असतं तर मोडलं असतं.

उत्तरानं आपल्या पिशवीतून एक पिवळा कागद काढला. चार घड्या. ती तो सावकाश उलगडत होती, कारण घडीवर तो फाटायला आला होता.

“हा तुमचाच आहे नं, बाबा? खाली तुमची सही आहे. साहेबाची नाही. मंजूर नाही लिहिलं अन् नामंजूर पन नाही लिहिलं. तारीख आहे, आई गेली त्याच्या दहा दिवस आधीची.” तिचा आवाज पहिल्यांदा खाली आला. “तुम्ही हा दिला होता काय?”

भैय्याजींनी बोटानं ती सही चाचपली.

“भाऊ?” सिंधूताई म्हणाल्या. “तू तं म्हनला होता, सोडलं नाही म्हनून.”

“मी म्हनलो, भेटली नाही,” भैय्याजी म्हणाले.

उत्तरानं आनंदरावांचं पत्र त्यांच्यासमोर परत ठेवलं. “काका, हे मी वाचत नाही. उद्या पन नाही वाचणार. अन् हा स्वेटर दादाले जाणार नाही. आत्या, तुम्ही मले शिकवलं तसं मी आजपर्यंत ऐकलं. आता नाही ऐकत. मी काहून म्हननार. आई काहून मेली? फौजेनं मारली काय तिले? तुमच्या गप्प बसण्यानं मेली ती, बाबा. वहिनीले मी तशी मरू देणार नाही.”

तिनं सैनिक बोर्डाचा कोरा-करकरीत अर्ज आणि तो जुना पिवळा अर्ज शेजारी शेजारी माझ्यावर ठेवले. नव्याच्या खाली सहीची जागा मोकळी आहे.

हे आत्ताच झालं. आनंदराव चष्मा पुसत आहेत, स्वच्छ असलेला. सिंधूताईंचे हात मांडीवर पडले आहेत, सुयांशिवाय मी ते कधी पाहिले नव्हते. बायका खोक्यांकडं बघताहेत. गोपिका पायांकडं.

मला कोणी विचारत नाही, तरी माझं मागणं सांगून टाकते. मला बेटावर पाठवू नका, तिथं माझं काही काम नाही. मला आणखी एकदा उसवा. मी आता जुनी झाले आहे, पण एक टोपडं आणि मोज्यांचा एक जोड अजून निघेल माझ्यातून. त्या पोराला मी माझ्या पोटाशी धरीन आणि ते लाथा मारील तर मारू देईन. पण त्याची आई जिवंत हवी आणि बापाला गाडी मिळायला हवी, आणि त्यासाठी आधी कोणीतरी ती एक सही करायला हवी.

भैय्याजींनी माझी डावी बाही हातात घेतली आहे. दुसऱ्या हातानं त्यांनी खिशातलं पेन काढलं आहे. टोपण अजून उघडलेलं नाही. उत्तरा त्यांच्यासमोर उभी आहे आणि हलत नाही.